देवापुढे नीतिमान ठरणं म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या घरोघरच्या प्रार्थनासभांना आणि रविवारच्या बायबल वर्गाला मी बरीच वर्षं बसत आलो आहे. शिकवायला म्हणून जातो, पण बहुतेक वेळा ऐकूनच परत येतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि ते पुस्तकी नसतात. कोणाचे वडील नुकतेच गेलेले असतात, कोणाची सून दुसऱ्या पंथातून आलेली असते, कोणाला जुनी चूक आठवून रात्री झोप लागत नाही. म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. जिथे वचनाचा आधार आहे तिथे अध्याय आणि ओवी दिली आहे. पवित्र शास्त्र शेजारी उघडं ठेवून वाचलंत तर बरं.

नीतिमान म्हणजे चांगल्या चालीचा माणूसच ना?

आपल्या बोलण्यात होय. "नीतीनं वागतो" म्हटलं की दारूला न शिवणारा, व्यवहाराला चोख, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस डोळ्यापुढे येतो. शेजारच्या कन्नड उपासनेत गेलात तर तिथेही "नीतिवंत" हाच शब्द कानावर पडतो, त्यामुळे दोन्ही भाषांच्या लोकांची गफलत एकसारखीच होते. शब्द ऐकला की आपण लगेच स्वतःची वागणूक मोजायला बसतो.

बायबलमधला हा शब्द न्यायसभेच्या आवारातला आहे. अनुवाद २५:१ वाचा. दोघांचा तंटा आहे, ते न्यायाधीशांपुढे येतात, न्यायाधीश एकाला नीतिमान ठरवतात आणि दुसऱ्याला दोषी. इथे नीतिमान ठरवणं म्हणजे त्याच्या बाजूने निकाल देणं. दोषी ठरवल्याने कोणी वाईट बनत नाही, तसंच नीतिमान ठरवल्याने त्या घटकेला त्याचा स्वभाव पालटत नाही. त्याची जागा पालटते. तो न्यायाधीशापुढे आता सुटलेला माणूस म्हणून उभा असतो. प्रेषित पौल रोमकरांस पत्र (पुढे रोम.) लिहिताना ग्रीकमध्ये हाच अर्थ धरून बोलतो.

पण एवढंच धरून ठेवलं तर अर्धंच हाती लागतं. इब्री भाषेतला "सदाकाह" हा शब्द नात्याला जागण्याचाही आहे. उत्पत्ति ३८ मध्ये यहूदा आपल्या विधवा सुनेबद्दल, तामारेबद्दल, म्हणतो की ती माझ्याहून नीतिमान आहे. तामारेने जे केलं ते कुठल्याही गावच्या पारावर नीतीत बसणारं नव्हतं. तरी नात्याचं देणं तिने ओळखलं होतं आणि त्याने बुडवलं होतं. स्तोत्र ९८:२ मध्ये आणि यशया ४६:१३ मध्ये देवाचं नीतिमत्त्व आणि त्याचं तारण ही जोडी एकत्र येते. देव नीतिमान आहे याचा एक अर्थ असा की तो दिलेल्या शब्दाला जागतो आणि आपल्या माणसांना सोडवायला येतो.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याला हे कळायला वर्षं गेली. मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, त्याने लिहून ठेवलं की रोम. १:१७ मधले "देवाचं नीतिमत्त्व" हे शब्द त्याला एके काळी नकोसे वाटत, कारण त्यात त्याला फक्त शिक्षा करणारा देव दिसे. ते नीतिमत्त्व देव माणसाला देतो, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वर्गाची दारं उघडल्यासारखं झालं.

मी कोणाचं वाईट केलेलं नाही. मग देवापुढे माझं काय अडणार?

हा प्रश्न विचारणारे बहुधा खरंच चांगले लोक असतात आणि त्यांचं चांगुलपण मी कमी लेखत नाही. पण लूक १८:९-१४ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र कसोशीने पाळणारा यहूदी, तोसुद्धा चांगलाच माणूस होता. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दहावा भाग देवाला. आपल्यातल्या किती जणांचं एवढं होतं? त्याच्या शेजारी लांब उभा असलेला जकातदार रोमी राजवटीसाठी वसुली करणारा. असे लोक ठरल्यापेक्षा जास्त उकळत आणि स्वतःच्याच लोकांत तोंड दाखवायला लाजत. त्याने छाती बडवून दया मागितली, एवढंच. येशू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

परूशी खोटं बोलला असं येशू म्हणत नाही. त्याचे उपास खरे, दशांश खरा. चूक मापाची होती. शेजारच्या माणसाशी तुलना केली की प्रत्येकजण उंचच दिसतो. रोमकरांस पत्राचे पहिले अडीच अध्याय हेच काम करतात. आधी मूर्तिपूजक जगाचा दोष दाखवला जातो, धर्मशास्त्र जवळ असलेला वाचक माना डोलावू लागतो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत पौल त्याच्याकडे वळतो. रोम. ३:२३ पर्यंत आल्यावर उभं राहायला कोणीच उरत नाही. यशया ६४:६ तर आणखी कठोर आहे. तिथे आपली धर्मकृत्यंच मळक्या वस्त्रासारखी म्हटली आहेत.

पुण्य वाढवलं तर पाप फिटत नाही का?

सीमाभागातल्या शेतकऱ्याला मी हे उताऱ्यावरून सांगतो. जमिनीवर सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो. आता त्या रानात ऊस लावा, भात लावा, बांध नीट घाला, तण काढून रान आरशासारखं ठेवा. शेजारी वाखाणतील, पीकही चांगलं येईल. बोजा मात्र जिथल्या तिथे. तो जाण्यासाठी कर्ज भरलं गेलं पाहिजे आणि नोंद कमी झाली पाहिजे.

एकदा निपाणीकडच्या सभेत एका वयस्कर मामांनी मला मध्येच अडवलं. "पीक विकून फेडू की ओ!" प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. घरी येताना बसमध्ये सुचलं. देवाच्या बाबतीत सगळं पीक आधीच त्याचं आहे. आज मी खरं बोललो, आज मी शेजाऱ्यावर प्रेम केलं, तर ते आजचंच देणं झालं. त्यातून मागची थकबाकी भागवायला शिल्लक कुठून आणायची? लूक १७:१० मध्ये येशू हेच सांगतो की सगळं केल्यावरही, करायचं तेवढंच केलं असं म्हणा. सुमारे १०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने याच मुद्द्यावर आपला सगळा युक्तिवाद उभा केला होता. निपाणीच्या मामांना आणि अन्सेल्मला अडचण एकच दिसली होती, हे मला फार आवडतं.

कलस्सै. २:१४ मध्ये पौल आपल्याविरुद्धच्या ऋणाच्या लेखाबद्दल बोलतो. देवाने तो खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळला. बोजा कमी झाल्याची नोंद तिथे आहे.

दुसऱ्याने भरलेलं माझ्या नावावर कसं लागू होईल? निर्दोष माणसाला शिक्षा हा कसला न्याय?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

माझे वडील एका ओळखीच्या माणसाला सोसायटीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. हप्ते थकले, तो माणूस गाव सोडून गेला आणि नोटीस आमच्या दारी आली. वडिलांनी म्हैस विकली आणि पुढची तीन वर्षं दुसऱ्याचे हप्ते भरले. आई चुलीपुढे बसून म्हणायची, "घेतलं कुणी, भरायलंय कोण." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. जामीन राहणं म्हणजे काय ते मी पुस्तकात शिकलो नाही. म्हणून इब्री ७:२२ मध्ये येशूला चांगल्या कराराचा जामीन म्हटलेलं वाचतो तेव्हा मला ती विकलेली म्हैस आठवते.

पण हा दाखला पुरता पडत नाही, हेही सांगायला हवं. वडील सहीमुळे अडकले होते, मनातून त्यांना ते नको होतं. शिवाय पैशाचं देणं कोणीही भरू शकतो. गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली तर कुठलंही कोर्ट मान्य करणार नाही. आणि खुद्द शास्त्रच म्हणतं की दुष्टाला नीतिमान ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचा परमेश्वराला वीट येतो (नीतिसूत्रे १७:१५). मग रोम. ४:५ मध्ये देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो असं पौल कसं लिहितो? त्याला नीतिसूत्रं ठाऊक नव्हती असं तर होणार नाही.

उत्तराचे दोन धागे आहेत. पहिला असा की वधस्तंभावर कोणी तिसराच माणूस पकडून आणलेला नाही. ज्याचा अपमान झाला, ज्याचं देणं थकलं, तो न्यायाधीशच पुत्राच्या रूपाने खाली उतरला. २ करिंथ. ५:१९ मध्ये देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता असं म्हटलं आहे. आणि ख्रिस्त ओढून नेला गेला नाही. आपला जीव मी आपण होऊन देतो, तो कोणी माझ्यापासून घेत नाही, असं तो योहान १०:१८ मध्ये सांगतो. एक कडक बाप आणि एक बिचारा मुलगा असं चित्र काढून जे लोक हा विषय शिकवतात, ते अर्ध्या सत्याने मुलांच्या मनात देवाविषयी भीती घालतात. मी लहानपणी तसंच ऐकलं होतं. ते मनातून काढायला मला फार वेळ लागला.

दुसरा धागा "ख्रिस्ताच्या ठायी" या दोन शब्दांत आहे. लग्न झालं की नवऱ्याचं आणि बायकोचं देणंघेणं एका घराचं होतं. लूथरने १५२० मध्ये हाच दाखला वापरला की विश्वासाने आत्मा ख्रिस्ताशी जोडला जातो, तिचं पाप त्याचं होतं आणि त्याचं नीतिमत्त्व तिचं. दोन अनोळखी माणसांच्या वह्यांमध्ये रकमांची अदलाबदल झाली असती तर तो खोटेपणा ठरला असता. इथे घर एक आहे. २ करिंथ. ५:२१ याच अर्थाने वाचावं. रोम. ५:१२-२१ मध्ये आदामाच्या घरातले आपण ख्रिस्ताच्या घरात आलो, हेच मोठ्या पटावर मांडलं आहे.

आणि रोम. ४:२५ सोडू नका. ख्रिस्त आपल्या अपराधांसाठी धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावं म्हणून उठवला गेला. जगाने त्याला दोषी ठरवून मारलं होतं. तिसऱ्या दिवशी देवाने तो निकाल फिरवला. जो त्याच्या घरातला, त्याला तो फिरलेला निकाल लागू.

विश्वास म्हणजे नुसतं मान्य करणं का?

नाही. देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब २:१९ मध्ये आहे.

अब्राहाम म्हातारा, सारा वांझ, आणि देव म्हणतो की आकाशातले तारे मोज. उत्पत्ति १५:६ मध्ये अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असं गणलं गेलं. "गणणं" हा हिशोबाच्या वहीतला शब्द रोमकरांस चौथ्या अध्यायात ग्रीकमध्ये ११ वेळा येतो. पौल त्यावर बोट ठेवून विचारतो की हे गणलं गेलं तेव्हा अब्राहामाची सुंता झाली होती का? नव्हती. सुंतेची आज्ञा उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात येते. म्हणजे आधी शब्दावर भरवसा, मग त्याची खूण.

विश्वास हेही एक पुण्यकर्मच समजून "माझा विश्वास कमी पडतो" म्हणून झुरणारी माणसं मला नेहमी भेटतात. पुलावर पाऊल टाकताना तुमचे पाय लटपटले तरी पूल तोच असतो. मलप्रभेला पूर आल्यावर पुलावरून गेलेल्या खानापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तो पार होतो तो पुलाच्या जोरावर.

सगळं फुकट मिळतं, मग चांगलं वागायचं कशाला?

रोम. ६:१ मध्ये हाच प्रश्न आहे. म्हणजे पौलाची शिकवण ऐकून पहिल्या पिढीतल्या लोकांनाही हाच संशय आला होता. मी तर म्हणतो, तुमच्या मंडळीत कृपेवर प्रवचन झालं आणि कोणालाच हा प्रश्न पडला नाही, तर प्रवचन थोडं कमी पडलं.

जक्कयाकडे बघा (लूक १९). तोही जकातदार, आणि मुख्य. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो. त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. पैसे परत कर, मग जेवायला येतो, असं येशू म्हणाला नव्हता. इफिस. २:८-९ सगळ्यांना पाठ असतं, दहावी ओवी मात्र कोणी म्हणत नाही. तिथे सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निर्माण केलं आहे असं लिहिलं आहे.

याकोब २:२४ पुढे करून काहीजण म्हणतात की पौल आणि याकोब यांचं जमत नाही. "केवळ विश्वासाने" हे शब्द बायबलमध्ये याच एका ओवीत आहेत आणि तेही "नव्हे" जोडून, हे खरं आहे. पण दोघे वेगवेगळ्या माणसांशी बोलत आहेत. पौलापुढे कर्मं मोजून दाखवणारा बसला आहे. याकोबापुढे बसला आहे तो उघड्या, उपाशी भावाला "खुशाल जा, ऊब घे" म्हणून वाटेला लावणारा. याकोब उदाहरण देतो ते अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवल्याचं, उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातलं. पौल धरतो तो पंधरावा अध्याय. मध्ये कित्येक वर्षं गेली आहेत. आधीचा भरवसा पुढे हातापायांत उतरलेला दिसला, एवढंच याकोब म्हणतो.

आमच्या घरात कॅथलिक आणि मेथोडिस्ट दोन्ही आहेत. याच मुद्द्यावरून चर्च फुटली ना?

मुख्य मुद्द्यांपैकी हा एक होता. बेळगावात दोन्ही परंपरा फार जवळ नांदतात. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथोडिस्टांकडे गेलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. कॅम्पात एका रविवारी फिरलात तर मराठी, कन्नड, कोकणी, इंग्रजी असं सगळं कानावर येतं. तेव्हा लग्नं जुळणार आणि जेवणाच्या ताटावर वाद होणार, हे चालायचंच.

वाद थोडक्यात असा. लूथर आणि त्याच्यामागून आलेले म्हणाले की ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर धरलं जातं आणि ते केवळ विश्वासाने. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी उत्तर दिलं की नीतिमान ठरवताना देव पापक्षमा करतोच, शिवाय माणसाला आतून नवंही करतो, प्रीती त्याच्या अंतःकरणात ओततो, आणि ही कृपा वाढू शकते, गंभीर पापाने गमावताही येते. प्रोटेस्टंट या आतल्या बदलाला पवित्रीकरण म्हणतात आणि निकालापासून वेगळा धरतात.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. "कॅथलिक म्हणजे कर्मांनी तारण" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्याच ट्रेंटच्या ठरावात स्पष्ट आहे की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, विश्वास असो की कर्मं, ती कृपा कमावून देत नाही. उलट "प्रोटेस्टंटांना कसंही वागलेलं चालतं" हेही तितकंच चुकीचं.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी आत्मा देतो, असं दोघांनी मिळून कबूल केलं. जागतिक मेथोडिस्ट परिषद २००६ मध्ये त्यात सामील झाली. मतभेद संपलेले नाहीत. कृपा मिळालेल्या माणसात पाप कोणत्या अर्थाने उरतं, पुण्य या शब्दाला जागा आहे का, यावर अजून बोलणी चालतात. पण सासू-सुनेने एकमेकींना नरकात पाठवावं असं त्यात काही उरलेलं नाही.

मेथोडिस्ट वाचकांसाठी एक आठवण. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली लंडनमधल्या एका सभेत मनाविरुद्धच गेला होता. तिथे लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती आणि ती ऐकताना आपलं हृदय विलक्षण ऊबदार झालं असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. आपल्याच पंथाचा झरा कुठून आला ते पाहिलं की दुसऱ्या पंथाकडे बघायची नजर मऊ होते.

उपास, नवस, दान यांचा काही उपयोग नाही का?

उपास करा, दान जरूर करा. देवाशी सौदा म्हणून करू नका. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नवस फेडायला जाणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो, आणि ती सवय ख्रिस्ती घरातही येते: मुलाला नोकरी लागू दे, चर्चला इतके देईन. प्रार्थना म्हणून हे समजू शकतो. पण देणं आधी, कृपा मागून, असा क्रम मनात बसला की नोकरी न लागलेल्या दिवशी देवही गेला आणि विश्वासही गेला. मीखा ६:६-८ हळूहळू वाचा.

आजारपण, कर्ज, मूल न होणं म्हणजे देवाने दोषी ठरवलं का?

नाही. ईयोबाला देवाने स्वतः सात्त्विक म्हटलं आणि तोच राखेत बसला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९:३). अशा घरी जाऊन "काहीतरी पाप राहिलं असेल" म्हणणाऱ्यांनी कृपा करून दाराबाहेरच थांबावं.

कृपेची भाषा तर आपल्या संतांच्याही अभंगांत आहे. मग वेगळं काय?

आहे, आणि ती ऐकून मन भरून येतं. मी पतित, तू पावन, ही हाक मराठी माणसाच्या रक्तात आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत. बेळगावचेच सुपुत्र बाबा पदमनजी, जन्म १८३१, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा माणसांनी हा विषय मराठीत बोलण्याजोगा केला.

ख्रिस्ती विश्वास ज्यावर उभा आहे ती गोष्ट एका ठरावीक वेळी, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, यरुशलेमेच्या वेशीबाहेर घडली असं आम्ही मानतो. देव दयाळू आहे, हे तर आहेच. पण दया करताना न्यायाचं काय झालं, या प्रश्नाला त्या वधस्तंभात उत्तर आहे (रोम. ३:२६). मी हे शेजाऱ्याच्या भक्तीचं माप काढायला सांगत नाही. मला माझी आशा कुठे बांधली आहे ते सांगायचं आहे.

देवापुढे सगळे सारखे, तर मंडळीत जात का?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि बहुतेकदा त्यांना "हळूहळू जाईल" असं उत्तर मिळतं. मला ते उत्तर पटत नाही.

नीतिमान ठरण्याची शिकवण पौलाने गलतीकरांस पत्रात कोणत्या प्रसंगी मांडली ते पाहा (२:११-१६). अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसं आली, तसा तो भीतीने पंगतीतून उठला आणि वेगळा राहू लागला. त्याने शिकवणीतला एक शब्दही बदलला नव्हता, फक्त ताट हलवलं होतं. पौल सगळ्यांसमोर त्याला आडवा गेला, आणि त्याच भांडणात ते वाक्य आलं की नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो. म्हणजे ही शिकवण लिहिली गेली ती पंगतीवरून.

मी एका लग्नात पाहिलं आहे. प्रार्थनेला सगळे एकत्र होते. जेवायला बसताना काही घरं आपोआप मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तोंडाने रोमकरांस पत्र मानलं आणि ताटाने नाकारलं. मराठी उपासनेचे लोक आणि कन्नड उपासनेचे लोक एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतात तीही याच हिशोबात येते. ज्याला देवाने आत घेतलं त्याला मी कोणत्या वहीवरून बाहेर बसवणार?

विश्वास ठेवला तरी पाप होतं. मग माझा निकाल पक्का कसा?

निकालाची वाट पाहणं म्हणजे काय, हे सीमाभागाला सांगायला नको. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, सीमेचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, आणि पिढ्या तारखांवर मोठ्या झाल्या. प्रकरण प्रलंबित असलं की माणूस धड इथला नसतो, धड तिथला नसतो. कितीतरी ख्रिस्ती माणसं देवापुढे आयुष्यभर तशीच उभी असतात. न्यायाच्या दिवशी काय व्हायचं ते होईल, म्हणतात.

सुवार्ता अशी की त्या शेवटच्या दिवसाचा निकाल आजच वाचून दाखवला आहे. रोम. ८:१ मधला "आता" हा शब्द बोट ठेवून वाचा. ८:३३-३४ मध्ये पौल विचारतो की दोषारोप कोण ठेवणार? न्यायाधीशानेच नीतिमान ठरवलं, आणि मेलेला व उठलेला ख्रिस्त त्याच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करतो. म्हणून रोज पाप कबूल करायचं ते निकाल मिळवण्यासाठी नाही. मुलगा चुकला तर बापाशी बोलतो, तसं (१ योहान १:९). कॅथलिक वाचकाला इथे प्रायश्चित्ताच्या संस्काराची वाट आहे, प्रोटेस्टंट वाचकाला मंडळीबरोबरची किंवा एकट्याची कबुली. दोघांनीही लपवू नये.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाला काय सांगावं?

थोडं सांगा. माझी आजी खानापूरकडची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तिला एकच घोर लागला होता. तरुणपणी तिने जावेचे दागिने लपवले होते आणि जाऊ कधीच वारली होती. जिचे होते तिला परत करायला ती उरली नव्हती. पाळक आले तेव्हा तिने विचारलं, "माझ्या नावावर काय बाकी हाय काय ओ?"

त्यांनी प्रवचन केलं नाही. लूक २३:३९-४३ मधली वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट वाचली. त्याला काही परत करायला वेळ नव्हता, हात तर खिळलेले होते, आणि येशू त्याला आजच म्हणाला. मग पाळकांनी तिचा हात धरून सांगितलं, "काही बाकी नाही, आजी. भरलंय."

तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणायला लावलं. माझ्या चुलत बहिणीलाही, जिची आजी ती जाऊ होती. तिने म्हटल्यावर आजीने चहा मागितला.